आक्का आणि तिची बसरेकरीण

आक्का गेली हे मला कळलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. परळच्या आमच्या खोलीच्या दारात पोस्टमन उभा राहिला, शेजारणीने कार्ड घेतलं आणि माझे हात बघून तिनेच ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं. थोरल्या भावजींचं अक्षर होतं. ‘तुझी आक्का बुधवारी सकाळी गेली. पाच दिवस ताप होता. जमेल तशी ये.’ एवढंच. शेजारीण रडायला लागली. आणि मी... सांगायला लाज वाटते, पण मी पीठ मळत राहिले. पीठ अगदी त्या घडीला आलं होतं, जेव्हा हात काढला की सगळं वाया जातं. मी ते मळून पुरं केलं, गोळा केला, ओल्या फडक्याखाली झाकला, आणि मग मोरीत बसून आंघोळ करता करता पोटभर रडले. कुणी म्हणेल, काय दगडाच्या काळजाची बाई ही! म्हणू दे. आक्काच मला सांगून गेली होती, “माणूस थांबतो गो सरू, पीठ थांबत नाय.”

याला आता दीड महिना होत आला. ‘तू सारखी तिच्या गोष्टी सांगत असतेस, त्या एकदा लिहून काढ,’ असं आमच्या ह्यांनी म्हटलं म्हणून बसले आहे. माझं शिक्षण मराठी चार इयत्ता. गेलेल्या माणसाबद्दल गंभीरपणे लिहायचं असतं हे मला कळतं, पण आक्का आठवली की गंभीर राहता येत नाही. उठून कुठेतरी धावत सुटावंसं वाटतं. ती स्वतः तशीच होती. हाडापेराने एवढीशी, आणि चालणं असं की मांडवीच्या वाटेवरची माणसं ‘आक्का चालली’ म्हणायची नाहीत, ‘आक्का सुटली’ म्हणायची.

ती माझी थोरली जाऊ. रत्नागिरीत मांडवी बंदराच्या जवळ आमचं घर, पुढे पडवी, मागे चार माड आणि विहीर. धाकटे, म्हणजे माझे यजमान, मुंबईत गोदीत. थोरले भावजी, आक्काचे यजमान, बंदरावर पडावांच्या कामात, म्हणजे बोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या होड्यांच्या. पण त्याआधी, लढाईच्या दिवसांत, ते बसऱ्याला होते. बंदूक चालवायला नव्हे, पाव भाजायला! गोऱ्या सोल्जरांसाठी तिथे भट्ट्या होत्या आणि आमच्याकडचे हुशार हात तिथे कामाला घेतले होते. त्या भट्टीवर तिथलाच एक म्हातारा होता. तो पाव फुगवायच्या आंबवणाला आपल्याकडच्यासारखा ताडीचा थेंब लावायचा नाही. पीठ, दूध आणि खजुराचा रस, एवढ्यावर त्याचं आंबवण पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. भावजी परत निघाले तेव्हा त्या म्हाताऱ्याने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यातलं वाटीभर आंबवण घालून दिलं. खुणेने सांगितलं, रोज जेवू घाल. भावजींनी बोटीवर स्वतःच्या वाट्याची साखर आणि पीठ त्या डब्यात घातलं. मुंबईच्या बंदरात तपासणीला कुणी साहेब डबा उघडून नाक दाबून म्हणाला, समुद्रात टाक. भावजी म्हणाले, “पोटाचं औषध आहे, साहेब.” सुटले!

पुढचं आक्काच्या तोंडून ऐकावं. ती ही गोष्ट शंभर वेळा सांगायची आणि शंभरही वेळा हसत हसत मध्येच थांबायची. “तीन वर्षांनी घोव दारात आला. मी ओवाळायला निरांजन लावत्येय, तोवर हा म्हणतो, घरात दूध आहे काय? हिला भूक लागलीय. मला वाटला, हिला म्हंजे मला! मी लाजलंय, मान खाली घातलंय... आणि बघत्येय तर हा डबा उघडतोय!” त्या दिवसापासून तिने आंबवणाचं नाव बसरेकरीण ठेवलं. “माझी सवत हो ती, बसऱ्याहून आणलेली,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. भावजींनी दोनचार वेळा पाव भाजला आणि बंदराच्या कामात बुडून गेले. सवतीला जेवू घालायचं काम आक्कावर आलं. खजूर कुठला मिळायला? तिने गूळ लावला. बसरेकरीण गुळावर अशी खूष झाली की डब्याचं झाकण उडवून बाहेर यायला लागली. मग तिला मोठी चिनीमातीची बरणी मिळाली.

माझं लग्न झालं आणि मी संगमेश्वराकडच्या माझ्या खेड्यातून रत्नागिरीला आले ती या सगळ्यानंतर दोनेक वर्षांनी. मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. लग्नघरातल्या गडबडीत कुणाला सुचणार? हे मुंबईला परतले, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी आक्का बाजाराला गेली असताना मी ठरवलं की नव्या सुनेने चार कामं न सांगता करावीत. स्वयंपाकघर झाडलं, फळ्या पुसल्या, आणि कोपऱ्यातली बरणी उघडली. आंबट, गोडसर, पिकून गेलेल्या केळ्यासारखा वास! वर फेस! मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत कुणी इथे पीठ भिजवून विसरलेलं दिसतंय. मी ते सगळं मागच्या दारी माडाच्या आळ्यात ओतलं, वरून दोन कळशा पाणी घातलं, आणि बरणी राखेने अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. मग ती उन्हात उपडी घालून शाबासकीची वाट बघत बसले.

आक्का आली. तिने बरणी बघितली. माझ्याकडे बघितलं. हातातली पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. ही बाई कधी बसत नाही हे तीन दिवसांत मलाही कळलं होतं, म्हणून तिचं ते बसणं बघून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, “माझं काय चुकलं का हो, आक्का?” तिने सांगितलं. सगळं. बसरा, म्हातारा, बोट, साहेब. अगदी हळू आवाजात. आता मला माहेरी धाडणार, दुसरं काय! आणि एकदम तिने मान वर केली. “काठवट धुतलंस?”

काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. ती उंच खुंटीवर टांगलेली होती, माझा हातच पोचला नव्हता. “नाही,” मी म्हटलं.

“नाय ना? नाय ना?” करत ती अशी उठली की पिशवीतले कांदे घरभर पांगले. काठवट खाली काढली. तिच्या भेगांत मागच्या खेपेला मळलेलं पीठ वाळून खडखडीत झालेलं. आक्काने खिळ्याच्या टोकाने ते कण कण खरवडून काढलं. चिमूटभर, नखावर मावेल एवढं. एका करवंटीत कोमट दूध, गुळाचा खडा, थोडं पीठ आणि ते कण. करवंटी चुलीच्या बाजूला उबेला ठेवली आणि मला म्हणाली, “आता तू आणि मी.”

पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, काही नाही, नुसता चिकट वास. मी घटकेघटकेला करवंटीत डोकावून बघत होते. भावजींना आम्ही सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “एवढ्या दर्यातनं आलेली बाई. अशी जायची नाय.” पण तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. चौथ्या सकाळी मी विहिरीवर पाणी काढत होते, तोच ती मागच्या दारातून ओरडली, “सरू! सरू गो!” मी कळशी तशीच विहिरीत सोडली. धावत आले. दोघींनी करवंटीवर डोकी वाकवली. मधोमध एक बुडबुडा! मोहरीएवढा. तो फुटला आणि शेजारी दुसरा आला. आणि मी ओरडले, “अगो आक्का, जिती आहे!” थोरल्या जावेला ‘अगो’! जीभ चावली, पण ती मला गदागदा हलवत होती, हसत होती, दोघी चुलीपुढे फुगडी घातल्यासारख्या फिरत होतो. त्यानंतर मी एकदा ‘अहो आक्का’ म्हटलं तर तिने ओ म्हणून दिली नाही. ती सकाळ आमच्या दोघींची. माझं खरं लग्न त्या घराशी त्या दिवशी लागलं.

मात्र आक्का त्यातून एक गोष्ट शिकली. दुपारी ती म्हणाली, “एका घरात राहिली म्हणून मरायची पाळी आली. आता हिला दहा घरी द्यायची.”

द्यायची म्हणजे काय सोपं होतं? तेव्हा आमच्याकडे पाव म्हणजे बाट. विहिरीत कुणी पाव टाकला आणि पाणी प्यालेला गाव बाटला, असल्या गोष्टी ऐकत आम्ही मोठ्या झालेल्या. पाव ताडीने फुगवतात, पायांनी मळतात, हे जो तो सांगायचा. आक्का वाटी भरून घेऊन शेजारी गेली की शेजारीण पदर नाकाला लावायची. आमच्या उजव्या हाताला लिमयेकाकू राहायच्या. मास्तरांची बायको, कडक सोवळं, पण मनाने सरळ. आक्काने त्यांना अंगणातूनच सगळं दाखवलं, हे दूध, हा गूळ, हे पीठ, यात बाटण्यासारखं काय आहे सांगा. काकू म्हणाल्या, “दिसायला सोवळं आहे हो, पण वासाला ओवळं.” आणि खिडकी लावून घेतली.

पहिली वाटी घेतली ती राजिवड्याच्या खातूनबीने. ती दारावर मासळी घेऊन यायची. तिने बरणीत डोकावून बघितलं, बोट बुडवून चाटलं आणि टोपलीतली केळीची पानं बाजूला सारून वाटी आत ठेवली. पुढच्या आठवड्यात पाव घेऊन आली. नारळाच्या दुधात मळलेला, वर तूप चोळलेलं, आत जाळी अशी की पावाला श्वास आहे असं वाटावं. आक्काने एक घास खाल्ला आणि खांबाला टेकली. “मेली, माझ्यापेक्षा बरा केलंस!” तिला राग आला होता, आनंद झाला होता, काय झालं होतं तिलाच कळत नव्हतं. त्याच दिवशी तिने नारळ फोडला.

मग हळूहळू एकेक घर जोडलं गेलं. शिंप्याची बायको, इस्पितळातली नर्सबाई, खारव्यांच्या दोन घरच्या सुना... अकरा घरं झाली. आमची मागच्या दारची भट्टीही तेव्हाचीच. एका पडक्या गडग्याचे, दगडी कुंपणाचे, चिरे आम्ही दोघींनी डोक्यावरून वाहून आणले, मातीने लिंपले, आणि पहिल्याच दिवशी अर्धे पाव कोळसा करून टाकले. काळे कवच फोडून आतला मऊ गाभा आम्ही खाल्ला, तोंडं काळी करून. भावजी म्हणाले, बसऱ्यालाही पहिल्या दिवशी असंच झालं होतं.

आक्काला मूल झालं नाही. ती त्याबद्दल बोलायची नाही आणि मी विचारायची नाही. पण ज्या घरी वाटी दिली त्या घरी ती पंधरवड्यातून एकदा अचानक जायची. पडवीत बसायची नाही, थेट आत. बरणीचं झाकण काढायचं, वास घ्यायचा. “लेक दिल्येय तुमच्याकडं, सुखात आहे का बघायला आलंय.” कुणी आंबवणाला शिळं दूध घातलेलं दिसलं तर तिच्या तोंडाचा असा पट्टा सुटायचा की त्या घरच्या सासवाही मान खाली घालायच्या. “माझ्या अकरा लेकी,” असं ती म्हणायची तेव्हा हसायची. मी हसायची नाही.

आता इथे मला माझं एक गुपित सांगायचं आहे. एका दुपारी आक्का अशीच लेकी बघायला गेलेली असताना मागच्या दारात लिमयेकाकू आल्या. पदराखाली चांदीची वाटी. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “सरू, मला थोडं दे. खायचं नाही हो मला. फुगतं कसं तेवढं बघायचं आहे.” मी दिलं. “आणि हे तुझ्या आक्काला सांगायचं नाही. शपथ घे.” मी घेतली. काकूंनी त्या वाटीची बरणी केली, बरणीचं मडकं केलं. रोज दूध, गूळ, पीठ. पाव मात्र एकदाही भाजला नाही! वाढलेलं गाईला घालायच्या. दोन वर्षं! मला परसात भेटल्या की कुजबुजायच्या, “आज काठाला लागलं गो!” आणि मी या बाजूला आक्काजवळ तोंडाला कुलूप लावून.

त्यानंतरची आगोट, म्हणजे पाऊस लागायचे दिवस, मी जन्मात विसरायची नाही. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट गाठायला सुट्टीवर आलेले चाकरमानी बायकापोरांसह मांडवीला जमले होते. कुणी लांज्याकडचे, कुणी पार आंजर्ल्याहून लग्नाला म्हणून इकडे आलेले. बोट यायच्या दिवशीच वादळ उठलं. समुद्र असा खवळला की पडाव पाण्यात घालायची कुणाची छाती होईना. बोट लांबवर दिसली, थोडी थांबली, शिट्टी वाजवली आणि निघून गेली. किनाऱ्यावर एकच आकांत झाला. अडकलेल्यांसाठी आणखी एक बोट चार दिवसांनी सोडतील असं कळलं, पण मागे गावी जावं तर नद्यांना पूर. माणसं धर्मशाळेत, गोदामात, लोकांच्या पडव्यांत दाटीवाटीने राहिली. शिदोऱ्या दोन दिवसांत संपल्या. लाकडं भिजलेली, चूल पेटत नव्हती. आणि पेटली तरी कुणी कुणाच्या हातचं शिजवलेलं खायचं हा घोळ होताच. तिसऱ्या दिवशी सकाळी भावजी निथळत घरी आले आणि पडवीत उभे राहूनच म्हणाले, “पोरं रडायची थांबली आहेत. मला ते जास्त वाईट वाटतंय.”

आक्का दळण निवडत होती. सूप तसंच ठेवून उठली. “पीठ?” तिने विचारलं.

भावजींच्या ओळखीच्या एका वाण्याच्या वखारीचं छप्पर उडालं होतं. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली गव्हाच्या पिठाची पोती भिजायला लागली होती. तो म्हणाला, “उद्या दगड होणार आहे त्याचा. ओढून न्या.” गाडीवर ताडपत्री टाकून पोती आमच्या पडवीत आली. आणि आक्का सुटली! डोक्यावर इरलं, कासोटा घट्ट, त्या पावसात अकरा घरं. “तुमच्याकडं माझी लेक आहे, आज तिचं काम पडलंय. असेल तेवढी घेऊन या!” खातूनबी राजिवड्याहून गुडघाभर पाण्यातून आली, डोक्यावर हंडा. नर्सबाई इस्पितळातली पाळी संपवून तशीच आली, कपडेही न बदलता. पडवीत दोन मोठ्या पराती, काठवट, पाटे, सगळ्यांवर पीठ. अकरा घरचं आणि आमचं आंबवण एकत्र आलं आणि एकच गोळा झाला. भट्टीला नारळाच्या करवंट्या आणि सोडणं घातली, ती वळचणीला कोरडी राहिलेली. धग अशी लागली की पाऊस भट्टीवर पडायच्या आधी वाफ व्हायचा.

पण आक्काने पोत्यांकडे बघितलं, पिठाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. “आंबवण पुरायचं नाय गो. निम्मं पीठ तसंच राहील.” ती हे बोलत होती आणि माझ्या तोंडाला दोन वर्षांच्या शपथेचं कुलूप. सांगू का, नको सांगू... तेवढ्यात गडग्याच्या वाटेवरचं झावळ्यांचं झाप बाजूला झालं आणि लिमयेकाकू आल्या. सोवळ्यात. कमरेवर हे एवढं मोठं मडकं, फडकं बांधलेलं, फडकं वर फुगून आलेलं.

“घे,” त्या म्हणाल्या. “काठोकाठ आहे. घरी आणखी एक पातेलं आहे.”

आक्काने फडकं सोडलं. वास आला. तिने मडक्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, मग सावकाश मान वळवून माझ्याकडे. “काकू, तुम्ही...”

“बोलू नको. भट्टी निवतेय,” काकूंनी सांगितलं, पदर खोचला आणि पिठाला बसल्या. खातूनबीच्या शेजारी.

त्या दिवशी दिवस कलेपर्यंत आम्ही भाजत होतो. कोण मळतंय, कोण वळतंय, कोण भट्टीत सारतंय, काही पत्ता नव्हता. हाऱ्यांवर हारे भरले, वर केळीची पानं, आणि आम्ही सगळ्या बायका त्या पावसात मांडवीला निघालो. लोकांनी वास आधी ओळखला, आम्हाला नंतर. माणसं उठून उभी राहिली. पण पुढे कुणी होईना. एक म्हातारे गृहस्थ, घरंदाज दिसणारे, मांडीवर नात घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, “बाई, हा कुणाच्या हातचा?”

आक्का त्यांच्यापुढे वाकली आणि खरं ते बोलली. “आजोबा, मला ठाऊक नाय. तेरा घरच्या पिठाचा एकच गोळा केलाय आम्ही. माझ्या हातचा असेल, हिच्या असेल, तिच्या असेल. शोधत बसलात तर पाव गार होईल.”

म्हातारे काही बोलायच्या आत त्यांच्या नातीने हाऱ्यातला पाव उचलून चावा घेतला होता. त्यांनी नातीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं... आणि मग हात पुढे केला. झालं! मग माणसं अशी लोटली की हारे सांभाळता येईनात. आक्का हसत होती, रडत होती, ‘सगळ्यांना आहे, सगळ्यांना आहे’ ओरडत होती. आणि लिमयेकाकू? त्यांनी एक पाव घेतला, मोडला, तुकडा तोंडात घातला. दोन वर्षं ज्याला रोज जेवू घातलं ते पहिल्यांदा खाल्लं. आम्ही सगळ्या बघत राहिलो. काकूंनी गिळलं आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

घरी येताना वाटेत आक्काने माझा कान धरला. “दोन वर्षं? दोन वर्षं तोंड मिटून बसलंस?” मी म्हटलं, शपथ होती. तिने कान सोडला आणि थोडं पुढे जाऊन स्वतःशीच म्हणाली, “बारा झाल्या.”

पुढे त्रास झाला नाही असं नाही. काकूंच्या आळीत चर्चा झाली, प्रायश्चित्त घ्या म्हणून सांगायला लोक आले. काकू म्हणाल्या, “मांडवीला ज्यांनी ज्यांनी खाल्ला ते सगळे घेणार असतील तर माझंही नाव लिहा.” त्या यादीत सांगायला आलेल्यांचेच दोन भाचे निघाले! विषय तिथे संपला. पण वर्षभर त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, हेही खरं. त्या वर्षभर दर शुक्रवारी आक्का त्यांच्या अंगणात जाऊन बसायची. काही न बोलता शेंगा निवडू लागायची.

नंतर ह्यांना परळला खोली मिळाली आणि मी मुंबईला आले. चौदा वर्षं मी हा पाव भाजते आहे, त्यातली शेवटची काही इथे, कोळशाच्या शेगडीवर. वर्षातून एकदा रत्नागिरीला जायची. आक्काचे केस पांढरे झाले, पण सुटणं थांबलं नाही. गेल्या खेपेला बंदरावर पोचवायला आली तर माझ्याआधी ती पडावात चढून बसली. तीच शेवटची भेट.

कार्ड मिळाल्यावर मी पहिल्या बोटीने गेले. भावजी पडवीत बसले होते. म्हणाले, चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला तरी ती घरांची नावं घेत होती, कुणाकडे जायचं राहिलं ते आठवत होती. मी स्वयंपाकघरात गेले. बरणीची फळी रिकामी. मागून काकूंचा आवाज आला, त्या आता काठी घेऊन चालतात. “माझ्याकडे आहे. सुतक तुम्हाला, तिला नाही. तिला भूक लागते.” तेरावं झालं, आणि मी परत निघाले.

आणि आता जे सांगायचं आहे ते बोटीवरचं. दुपारची वेळ, वारा छान. डेकवर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, राजापुराकडची, नाटे गावची. बोट आधी तिकडे लागून आली होती. तरुण, बडबडी, पहिल्यांदा मुंबईला निघालेली. तिने गाठोडं सोडलं आणि मला तो वास आला. गूळ, नारळ, किंचित आंबटपणा. मी डोळे मिटून घेतले. तिने अर्धा पाव मोडून माझ्या हातात ठेवला. मी विचारलं, “हा कुठला हो?”

“आमच्या नाट्याचा! आमच्याकडं पूर्वापार आहे. आजेसासूच्या आजेसासूपासनं. फार वर्षांमागं एक गलबत फुटलं, त्यातनं एक मडकं वाहून आलं, त्यात होतं म्हणतात. आम्ही तिला धाकटी म्हणतो.”

माझ्या जिभेवर सगळं आलं. बसरा, बिस्किटाचा डबा, काठवट, माझी आक्का, जिला जाऊन अजून महिना झाला नाही! मी तोंड उघडलंही. आणि तिचा चेहरा बघितला. केवढ्या अभिमानाने सांगत होती ती... तिने आक्काचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आणि तरी तिच्या हातात तोच पाव होता. मला आधी राग आला. मग काय झालं सांगू? मला इतका आनंद झाला की रेलिंगला धरून हसू लागले. आक्काच्या लेकी बारावर थांबल्या नव्हत्या. त्या कुठल्या कुठे गेल्या होत्या, समुद्राने, डोंगराने, आणि त्यांना आता स्वतःचे पूर्वज होते!

ती बाई घाबरली असावी. म्हणाली, “काय झालं? आवडला नाही काय?”

“आवडला. फार आवडला.”

“मग थोडं आंबवण देऊ काय तुम्हाला? माझ्याकडं आहे बरणीत, मुंबईला घेऊन चाललंय. कठीण नसतं हो, मी शिकवीन.” तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं, शहरातल्या बायकांना काही येत नाही असं तिने ऐकलं असणार. “तुम्हाला पीठ मळता येतं ना?”

“येतं थोडं थोडं,” मी म्हटलं, आणि तिच्याजवळ सरकून बसले. “शिकवा.”